वादळाच्या हंगामात क्रूझवर जाताय? या चुका टाळा

आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या एका गल्लीतच सहा घरांची मुलं अमेरिकेत आहेत. आई-बाबा सहा महिन्यांसाठी जातात आणि तिकडे पोचल्यावर मुलगा किंवा जावई हौसेनं सांगतो, "बाबा, तुमच्यासाठी क्रूझ बुक केली. मायामीहून सात दिवस." तारीख बघावी तर सप्टेंबर, नाहीतर ऑक्टोबर. तेव्हा तिकडच्या शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी नसते, भाडं उतरलेलं असतं. भाडं उतरण्याचं दुसरं कारण मात्र कुणी बोलून दाखवत नाही. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिक महासागरातला चक्रीवादळांचा हंगाम आहे.

आम्ही दोघंही असेच एका सप्टेंबरात लेकीच्या कुटुंबासोबत गेलो. ठरलं होतं कॅरिबियन समुद्राच्या पूर्वेकडची सेंट थॉमस आणि सेंट मार्टेन ही बेटं बघायचं. पाहून आलो मेक्सिकोचं कोझुमेल, आणि जहाज एक दिवस उशिरा परत लागलं. सहल वाईट झाली नाही. पण तयारीत राहिलेल्या चुकांपायी पैसा गेला, नातवाचे डोळे भरून आले आणि यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. आता ओळखीतलं कुणी निघालं की मी त्यांना घरी बोलावते, चहा ठेवते आणि हे सगळं सांगते.

वेळापत्रकाला दिलेला शब्द समजणं

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. आपल्याला वाटतं, आपण बेटं विकत घेतली. खरं तर आपण जहाजावरची खोली, जेवण आणि ठरावीक दिवस विकत घेतलेले असतात. करारातल्या बारीक अक्षरांत कंपन्या लिहून ठेवतात की सुरक्षिततेसाठी एखादं बंदर वगळता येईल, बदलता येईल, बंदरांचा क्रमही फिरवता येईल, आणि त्याची भरपाई देणं कंपनीवर बंधनकारक नाही. न गेलेल्या बंदराचं शुल्क आणि कर तेवढे परत मिळतात. अख्खी क्रूझच कंपनीने रद्द केली तर पैसे परत येतात. पण मार्ग बदलला म्हणून तुम्ही रद्द केली, तर कापले जातात ते तुमचेच पैसे. हा फरक पैसे भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा.

मार्ग बदलतो तो का, हेही समजून घ्या, म्हणजे धास्ती कमी होते. उष्ण कटिबंधात चक्रीवादळाच्या आतला वारा भयंकर असला तरी अख्खं वादळ पुढे सरकतं ते बहुतेक वेळा ताशी १५ ते २५ किलोमीटरने. मोठं जहाज ताशी ३५ ते ४० किलोमीटर जाऊ शकतं. त्यामुळे अंदाज मिळताच कप्तान दुसरीकडे वळतो. रेल्वेला रूळ सोडता येत नाहीत, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळात चेन्नईकडच्या कितीतरी गाड्या रद्दच कराव्या लागल्या. जहाजाला बाजूला होता येतं. बाजूला झालं म्हणजे ठरलेलं बेट हुकणारच.

नातवाला आम्ही महिनाभर सांगत होतो, सेंट मार्टेनच्या किनाऱ्यावर विमानं डोक्यावरून जातात, हात वर केला की लागतील अशी वाटतात. जहाज पश्चिमेला वळलं तेव्हा त्या लेकराला काय समजावणार? मुलांना बेटाचं नाव सांगूच नका. जहाजावरचा पोहण्याचा तलाव, घसरगुंडी, रात्रीचे खेळ यांच्याबद्दल सांगा. ते जहाजासोबतच असतं.

"थोडाफार पाऊस असतो" यावर विश्वास ठेवणं

आमच्या ओळखीतल्या एकांना बुकिंग करून देणाऱ्यानं हेच सांगितलं होतं. सहा महिन्यांचा हंगाम असला तरी सगळे महिने सारखे नसतात. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जोर जास्त असतो आणि १० सप्टेंबरच्या आसपास तो टिपेला पोचतो. जूनमध्ये किंवा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात धोका पुष्कळ कमी असतो, संपत मात्र नाही. आणि आपले सण नेमके याच काळात येतात. ९ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या तीन दिवस आधी, मिल्टन नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडावर धडकलं आणि टँपा आणि पोर्ट कॅनाव्हेरल ही क्रूझची बंदरं बंद करावी लागली. २०२५ मध्ये भाऊबीज होऊन पाचच दिवस झाले होते, तेव्हा मेलिसा हे वादळ जमैकाला धडकलं, तेही सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीचं. शाळेला दिवाळीची सुट्टी आहे म्हणून समुद्र शांत होत नाही.

कॅरिबियनमध्ये कुठल्या दिशेला जाताय, याचाही विचार करा. सप्टेंबर २०१७ मध्ये आधी इर्मा वादळानं सेंट मार्टेन आणि सेंट थॉमस उद्ध्वस्त केलं, दोन आठवड्यांत मारियानं पोर्तो रिकोला झोडपलं, आणि पूर्वेकडच्या सहली पश्चिमेकडे वळवाव्या लागल्या. पश्चिमेकडे वादळं येत नाहीत असं मुळीच नाही, जमैकाचं उदाहरण वर दिलंच आहे. त्यातल्या त्यात व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळची अरुबा, बोनेर आणि कुरासाव ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. याच महिन्यांत जायचं असेल आणि बेटं बघण्याचीच ओढ असेल, तर मी तिकडची सहल निवडेन.

आणखी एक बारकावा. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी इथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते दूर उभं राहतं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं तरी त्याच्या लाटा तिथवर पोचतात, आणि तेवढ्यानंही बोटी थांबतात. स्वच्छ ऊन पडलेलं असताना "आज उतरता येणार नाही" अशी घोषणा झाली, तर कारण बहुधा हे असतं.

विमा "नंतर बघू" म्हणून टाळणं

वादळाला नाव मिळालं की विम्याच्या दृष्टीनं ती माहीत असलेली घटना होते. त्यानंतर काढलेली पॉलिसी त्या वादळाचं नुकसान भरून देत नाही. बातमी पाहून विमा काढायला धावलात तर उशीर झालेला असतो. बुकिंग केलं त्याच आठवड्यात काढा.

आई-बाबांच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. अमेरिकेला जाताना आपण जो विमा काढतो तो मुख्यतः दवाखान्याचा असतो. त्यात सहल रद्द होणं, उशीर होणं, बंदर हुकणं हे असतंच असं नाही. अमेरिकेबाहेर, भर समुद्रात, जहाजाच्या डॉक्टरांचं बिल तो विमा देतो का, हेही लेखी विचारून घ्या. मुलगा म्हणतो "विमा आहे ना", बाबा म्हणतात "आहे", आणि दोघांच्या मनात वेगवेगळे कागद असतात.

विमानाची तिकिटं घासून काढणं

जहाज सकाळी सातला लागणार, म्हणून दुपारी बाराचं विमान. आम्ही नेमकं हेच केलं होतं. वादळात बंदर बंद झालं तर जहाज बाहेर समुद्रात थांबतं किंवा दुसऱ्याच बंदराला जातं, आणि एक-दोन दिवस सहज वाढतात. त्याच दिवशीचं विमान नकोच. दुसऱ्या दिवशीचं घ्या किंवा तारीख बदलता येईल असं तिकीट काढा.

जाताना हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते, विशेषतः जे नागपूरहून थेट क्रूझसाठी निघतात त्यांना. सोनेगाव विमानतळाहून मुंबई, दिल्ली किंवा दोहा, तिथून पुढे मायामी, एवढ्या साखळीत एक कडी तुटली की जहाज गेलं. किमान दोन दिवस आधी पोचा. नागपूर ते मायामी एकाच बुकिंगमध्ये घ्या. नागपूर-मुंबई तिकीट वेगळं काढून दोन हजार वाचवले आणि ते विमान उशिरा सुटलं, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही.

"जहाज चुकलं तर पुढच्या बंदरावर गाठू" असंही काही जण म्हणतात. त्या देशाचा व्हिसा लागतो, कंपनीची परवानगी लागते, शिवाय अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा परदेशी नोंदणीच्या जहाजांना एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी नेऊ देत नाही. बहुतेक क्रूझ जहाजं परदेशी नोंदणीचीच असतात. त्या भरवशावर राहू नका.

कागदपत्रं फक्त ठरलेल्या बेटांपुरती बघणं

इथे मी थोडी थांबते, कारण सर्वांत जास्त मनस्ताप इथे होतो. एकाच जहाजावर आपल्या एका कुटुंबाचे तीन तऱ्हेचे कागद असतात.

आई-बाबांचा व्हिजिटर व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, हे शिक्क्यावर वाचा. जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येतं, तो पुन्हा प्रवेशच असतो. मार्ग बदलून मेक्सिकोला गेलात तर भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकी व्हिसा असला की वेगळा व्हिसा लागत नाही. इतर देशांचे नियम निघण्याआधी एकेक करून बघा, आणि त्यात फक्त यादीतली बंदरं नकोत, पर्यायी होऊ शकतील अशी बहामास, जमैका, केमन, बेलीझ, होंडुरास हीसुद्धा घ्या. व्हिसा नसेल तर निदान जहाजावरच थांबावं लागेल हे आधी कळलेलं असतं.

मुलगा किंवा जावई एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर खरी जोखीम आहे. अमेरिकेत राहण्याची परवानगी चालू असेल तर मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवसांपर्यंत जाऊन जुन्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत आहे. त्या भरवशावर लोक मेक्सिकोची क्रूझ घेतात. पण वादळामुळे जहाज बहामासला वळलं तर? त्या बेटांसाठी एच-वन-बीला ही सवलत नाही. शिक्का संपलेला असेल तर या महिन्यांत जहाजावर चढू नका, असं मी स्पष्ट सांगते.

आणि अमेरिकेत जन्मलेला नातू. जिथून निघालं तिथेच परतणाऱ्या क्रूझवर अमेरिकी नागरिकाला जन्मदाखल्यावर जाता येतं, म्हणून पुष्कळ जण बाळाचा पासपोर्ट काढत नाहीत. मधल्याच एखाद्या बेटावरून विमानानं परतायची वेळ आली, तर जन्मदाखला चालत नाही. पासपोर्ट काढाच.

सात दिवसांना सातच गोळ्या

बीपी, शुगर, थायरॉइड, जी काही रोजची औषधं असतील ती किमान सात दिवस जास्तीची घ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि हातातल्या पिशवीत. जहाज उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. आमच्या उरल्यासुरल्या गोळ्या त्यातच गेल्या होत्या.

वादळ टाळलं तरी लाटा लागतातच. खोली मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. मळमळीची गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, पण इतर औषधं चालू असतील तर इथूनच डॉक्टरांना विचारून न्या. आलेपाक मी अजूनही सोबत ठेवते.

नकाशावरचा पांढरा पट्टा चुकीचा वाचणं

आम्ही जहाजावर होतो तेव्हा धरमपेठेतून दिरांचे फोनवर फोन. टीव्हीवर नकाशा दाखवला, पट्टा आमच्या मार्गावर होता. तो पट्टा म्हणजे वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग. वादळ किती मोठं आहे हे त्यावरून कळत नाही, आणि पट्ट्याबाहेरही वारा-पाऊस असतो. शिवाय केंद्र त्या पट्ट्यात राहतं ते साधारण तीनपैकी दोन वेळा. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन (चक्रीवादळ) केंद्राची पत्रकं दर सहा तासांनी येतात, आपल्या घड्याळात सकाळी आणि रात्री साडेआठला, दुपारी आणि पहाटे अडीचला. घरच्यांना सांगून ठेवा, काळजी वाटली तर तेच बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा व्हिडिओ कुठल्या वर्षाचा आहे ते कळत नाही.

फोन जहाजावर चढताच एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रातलं रोमिंग उपग्रहावरून चालतं आणि बिल डोळे पांढरे करतं. जहाजाचं वायफाय एकानं घ्या आणि घरी रोज एकाच वेळी निरोप द्या.

मार्ग बदलल्याची घोषणा ऐकून नुसतं बसून राहणं

घोषणा झाली की त्याच संध्याकाळी कामाला लागा. जहाजाकडून घेतलेल्या सहलींचे पैसे बंदर हुकलं की परत येतात. बाहेरून स्वस्तात घेतल्या असतील तर लगेच मेल टाका. काही जण जहाज न आल्यास पैसे परत देतात, काही नाही. आमचे गेले, कारण तो नियम आम्ही बुकिंग करताना वाचलाच नव्हता. नव्या बंदरावरच्या चांगल्या सहली तासाभरात भरतात, तेव्हा आधी त्या रांगेत एक जण आणि विमानाच्या तिकिटासाठी दुसरा. हुकलेल्या बंदराचं शुल्क जहाजावरच्या खात्यात जमा झालं का ते उतरण्याआधी बघा.

आणि शेवटच्या रात्री, जेवायला जाण्याआधी, रिसेप्शनवरून एक पत्र मागून घ्या. त्यावर जहाजाचं नाव, ठरलेली आणि बदललेली बंदरं, परतण्याची नवी तारीख-वेळ आणि शिक्का हवा. विम्याचा दावा करताना आधी हेच मागतात. आम्ही ते उतरल्यावर मागितलं, आणि जावयाला त्या एका कागदासाठी तीन महिने मेल पाठवत बसावं लागलं.