मोनार्क घराबाहेर ठेवले, तेव्हा जमले

सप्टेंबरच्या मध्यावर न्यू जर्सीतील आमच्या परसात मिल्कवीड या वनस्पतीवर मोनार्क फुलपाखराचे सहा सुरवंट दिसले आणि ते थंडीने मरतील या काळजीने मी त्यांना स्वयंपाकघरात आणले. चूक तिथेच झाली. दिवस लहान होणे, रात्री गार पडणे आणि मिल्कवीडची पाने जून होणे या खुणांमुळेच ही पिढी प्रजनन लांबणीवर टाकून मेक्सिकोतील मिचोआकानच्या डोंगररानांकडे 3,000 किलोमीटरहून अधिक उडते. रात्री अकरापर्यंत दिवा आणि सदैव सारखी ऊब असलेल्या घरात या खुणा मिळणार कुठून? शिवाय झाकणाच्या डब्यात विष्ठा ओली राहून बुरशी आली आणि एक सुरवंट दगावला.

उरलेले पाच मी जाळीच्या पिंजऱ्यात घालून पडवीत, सकाळचे ऊन मिळेल पण पाऊस लागणार नाही असे ठेवले आणि रोज विष्ठा झाडून ताजी पाने दिली. (साताऱ्याला रुईवर असेच पट्टेरी सुरवंट दिसत; रुई मिल्कवीडच्याच कुळातली.) एक कोष निसटून पडला, तो त्याच्या काळ्या देठाला शिवणाचा दोरा बांधून पुन्हा टांगला. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांत उघडणारे कोष गारठ्यामुळे जवळजवळ तीन आठवडे तसेच राहिले. अखेर हिरवे आवरण काचेसारखे पारदर्शक होऊन आतले नारिंगी पंख दिसले. बाहेर आलेले फुलपाखरू चुरगळलेल्या कागदासारखे लोंबकळत होते. सुमारे 13 अंश सेल्सिअसखाली त्याला उडता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबून मगच पिंजऱ्याची चेन उघडली.