युद्धकाळातील स्त्रियांच्या कामाचा अभ्यास कसा करावा

युद्धामुळे स्त्रियांचे जीवन बदलले, असे सरसकट विधान करण्यापूर्वी एक देश आणि एक कालखंड निश्चित करावा. उदाहरणार्थ, पहिल्या महायुद्धातील ब्रिटन. प्रथम युद्धापूर्वीची स्थिती पाहावी, कारण दारूगोळ्याच्या कारखान्यांत दाखल झालेल्या अनेक जणी आधीपासूनच मोलकरीण किंवा गिरणीकामगार म्हणून राबत होत्या. त्यानंतर वेतन आणि धोके नोंदवावेत. टीएनटी हे स्फोटक हाताळणाऱ्या स्त्रियांची त्वचा पिवळी पडत असे, आणि यकृत निकामी होऊन काहींचा मृत्यूही ओढवला. भरतीच्या भित्तिपत्रकांवर हे दिसणार नाही, म्हणून सरकारी अहवालांबरोबर कामगार स्त्रियांच्या आठवणी आवर्जून वाचाव्यात.

युद्धानंतरची वर्षे तर मुळीच वगळू नयेत. माझ्या मते खरी कसोटी तिथेच लागते. १९१८ च्या कायद्याने मताधिकार मिळाला तो वयाची ३० वर्षे पूर्ण केलेल्या आणि स्वतःच्या वा पतीच्या मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. ज्या तरुणींनी तोफगोळे भरले, त्या मात्र वंचितच राहिल्या. पुढच्याच वर्षी युद्धपूर्व कामपद्धती पूर्ववत करणारा कायदा आला आणि अनेकींना यंत्रांवरून दूर व्हावे लागले. पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळण्यासाठी १९२८ साल उजाडावे लागले.