टर्बो गाडीचं ब्रीदर: त्याच त्या चुका टाळा

बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवला की ब्लो-बाय वाढणारच. पिस्टन रिंगांच्या फटीतून निसटलेला हा वायू इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतो आणि बाहेर पडायला वाट शोधतो. ती वाट म्हणजे ब्रीदर. रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, सेटिंग बदलणं), इंटरकूलर, डाउनपाइप यांवर लोक हात सैल सोडतात, आणि ही वाट करताना मात्र मिळेल तो पाइप, मिळेल ती क्लिप.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे निळा धूर दिसला की टर्बो बदलायला काढणं. एका रीमॅप केलेल्या 1.8 टी ऑक्टाव्हियाचं असंच झालं. बूस्टवरून पाय काढला की मागे निळा ढग. टर्बो गेला असं ठरवून नवा बसवला, तोही धूर काढायला लागला. मग तिसरा शोधायची तयारी! दोष होता ऑनलाइन मागवलेल्या चकचकीत कॅच कॅनचा, म्हणजे ब्रीदरच्या वायूतलं ऑइल अडवणाऱ्या डब्याचा. त्याची निपल, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, आतून 8 मिमीची. तिथे 19 मिमीचा पाइप लागतो, म्हणजे वाट साडेपाच पटींनी आवळली.

टर्बोतलं ऑइल परत येतं ते निव्वळ उतारानं, त्यामागे दाब नसतो. चेंबरमध्ये दाब साठला की ऑइल खाली उतरत नाही, बेअरिंगच्या घरात तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टकडे नाही तर इनटेककडे निघतं. त्यात टर्बोचा काय दोष? इनटेकमध्ये गेलेलं हेच ऑइल पेट्रोलचा ऑक्टेनही खाली ओढतं. मग नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकणं) सुरू, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि मालक ट्यूनरच्या नावानं बोटं मोडतो.

म्हणून टर्बोला हात लावण्याआधी दाब मोजा. डिपस्टिकच्या नळीवर पारदर्शक नळी घट्ट बसवा, तिचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरा आणि गाडी चालवताना शेजारच्या माणसाला पाहू द्या. मधे एक रिकामी, जाड बाटली जोडायला विसरू नका, नाहीतर आयडलच्या व्हॅक्युमनं पाणी थेट इंजिनात जाईल. पूर्ण बूस्टला दोन पातळ्यांत 10 सेंमीपेक्षा जास्त फरक, म्हणजे सुमारे 10 मिलिबार दिसला, तर ब्रीदर अपुरा समजायचा. डिपस्टिक आपोआप वर येत असेल तर मोजायचीही गरज नाही.

दुसरी लाडकी चूक: पीसीव्ही (हे वायू परत इनटेकमध्ये ओढू देणारा व्हॉल्व्ह) उपटून टाकायचा आणि टॅपेट कव्हरवर छोटा गोल फिल्टर खोचायचा. दिसायला रेसकार, बसायला गॅरेज. सिग्नलला थांबलं की ऑइलचा वास एसीतून आत. शिवाय ऑइलमधली पाण्याची आणि पेट्रोलची वाफ ओढून घेणारा व्हॅक्युमच गेला; छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पावसाळ्यात झाकणाखाली पिवळट मलई जमते ती यातूनच. रस्त्यावरच्या गाडीला हे वायू हवेत सोडणं नियमातही बसत नाही. एअरफ्लो मीटरच्या गाडीत इनलेटची तोंडं नीट बंद केली नाहीत तर न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. बंद कॅन लावा आणि त्याचं दुसरं तोंड एअरफ्लो मीटरच्या पुढे, टर्बोच्या इनलेटला जोडा.

कॅन उघडून बघा. आत आडपडदे किंवा स्टेनलेसची जाळी नसेल तर तो नुसता डबा आहे.

हीटरचा रबरी पाइप वापरू नका. ऑइलनं तो फुगतो, मऊ पडतो आणि टर्बोच्या ओढीनं चपटा होतो. ऑइलसाठीचाच नायट्राइल पाइप घ्या. तो कुठेही खाली झुकून यू होऊ देऊ नका, त्या खळग्यात ऑइल साचून बूच बसतं.

इनटेक मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पाइपात चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं वाट देणारा) उलटा बसला किंवा निकामी झाला तर सगळा बूस्ट चेंबरमध्ये! काढून तोंडानं फुंकून बघा: मॅनिफोल्डच्या बाजूनं हवा जाता कामा नये. फिशटँकचे स्वस्त प्लास्टिकचे व्हॉल्व्ह इथे चालत नाहीत, कितीही व्हिडिओ पाहिले असलेत तरी.

ब्लॉकचा ब्रीदर बंद करून फक्त हेडवरचा ठेवणं हाही आळसाचाच प्रकार. मग सगळा वायू ऑइल उतरायच्या वाटांनीच वर चढतो, हेडमध्ये ऑइल तुंबतं आणि चेंबर कोरडा पडतो.

कॅन दर 1000 किमीला रिकामा करा. त्यातलं पाणी-पेट्रोल-ऑइलचं मिश्रण पुन्हा इंजिनात ओतू नका.

आणि हे सगळं करण्याआधी, गरम इंजिनावर लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजणं. गळती 20 टक्क्यांच्या वर आणि ऑइलच्या झाकणातून फुसफुस येत असेल तर रिंगा गेल्या. तिथे कितीही मोठा कॅन लावा, काही होणार नाही. फोर्ज्ड पिस्टन टाकलेल्या इंजिनात मात्र थंड असताना थोडा जास्त ब्लो-बाय असायचाच, कारण पिस्टन आणि बोअरमधली फट मुद्दाम मोठी ठेवलेली असते. ऑइल 80 अंशांवर जाईपर्यंत बूस्ट मागू नका.