होमरची जुनी इंग्रजी भाषांतरं विकत घेताना या चुका टाळा

इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने केलेल्या, ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या भाषांतराचा पहिला खंड मी घेतला, तेव्हा त्याचं शीर्षकपान गायब होतं. आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने १७१५ लिहिलेलं होतं आणि विक्रेत्यानेही तेच साल सांगितलं. मी विश्वास ठेवला. आठवडाभराने पहिली ओळ नीट वाचली आणि पोटात धस्स झालं. १७१५च्या आवृत्तीत काव्याची सुरुवात 'द रॅथ ऑफ पेलियस सन' अशी आहे. पोपने पुढे ती बदलून 'अकिलीज रॅथ' केली. माझ्या प्रतीत ही बदललेली ओळ होती, म्हणजे ती नंतरची आवृत्ती होती. अर्धं मिनिट काढून ती ओळ दुकानातच वाचली असती तर पैसे वाचले असते. म्हणून सगळ्यात आधी सांगतो: पेन्सिलीच्या नोंदीवर, विक्रेत्याच्या चिठ्ठीवर, अगदी शीर्षकपानावरही थांबू नका. मजकूर वाचा. मोठ्या ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवलेल्या प्रती इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. मोबाइलवर तो स्कॅन उघडा आणि पान पानाशी ताडून बघा.

दुसरी चूक संचाची. पोपचं 'इलियड' एकदम आलं नाही. १७१५ ते १७२० या काळात त्याचे सहा खंड निघाले, आणि वर्गणीदार, म्हणजे आधीच नाव नोंदवलेले ग्राहक, दर खंडाला एक गिनी (तेव्हाचं सोन्याचं नाणं) मोजत होते. तेव्हा ज्याचा तो आपल्या आवडीने पुस्तक बांधून घेई. त्यामुळे सहाही खंडांचं चामडं एकसारखं दिसलं म्हणजे संच मूळचाच, असं धरून चालू नका. वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेले खंड कुणीतरी नंतर एकत्र बांधून घेतलेले असू शकतात. प्रत्येक खंडाचं शीर्षकपान उघडून साल स्वतंत्रपणे बघा. उलट, बांधणी नंतरची आहे एवढ्यावरून चांगली प्रत नाकारणं हीसुद्धा चूकच.

आकारावरूनही फसगत होते. 'मोठं ते अस्सल' हा हिशोब इथे चालत नाही. वर्गणीदारांच्या प्रती क्वार्टो (छापील ताव दोनदा दुमडलेला) आकाराच्या होत्या, तर प्रकाशक बर्नार्ड लिंटॉटने बाजारात विकायला काढलेल्या प्रती त्याहून मोठ्या, फोलिओ (ताव एकदाच दुमडलेला) आकाराच्या. त्यातच हॉलंडमधून स्वस्त चोरटी आवृत्ती आली, म्हणून लिंटॉटलाही छोट्या आकाराची आवृत्ती काढावी लागली. जाहिरातीत नुसतं 'लिंटॉट, १७२०' लिहिलेलं असेल तर आधी आकार विचारा, किंमत नंतर.

आता पानं हरवली आहेत का ते कसं ओळखायचं? पानांवरचे आकडे मोजून पुरत नाही, कारण जुन्या छपाईत ते चुकलेलेही असतात. पानाच्या तळाशी बघा. उजव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. पान उलटा आणि तोच शब्द वर आहे का बघा. शिवाय प्रत्येक जुडीच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, सुरुवातीच्या पानांवर तळाशी ए, बी, सी अशी अक्षरं असतात. इथे नवखे हमखास घाबरतात: आयनंतर एकदम के येतो, जे नसतोच! पान गेलेलं नसतं. छापखाने तेव्हा जुन्या लॅटिन वळणाची २३ अक्षरं वापरत. जे आणि डब्ल्यू नाहीत, यू आणि व्ही मिळून एकच.

एखादं पान जास्तच पांढरं, गुळगुळीत वाटलं तर ते उजेडाकडे धरा. हातकागदात अंतराअंतरावर ठळक रेषा दिसतात: फोलिओत उभ्या, क्वार्टोत आडव्या. शेजारच्या पानांशी त्या जुळल्या नाहीत, तर ते पान नंतर घातलेलं असण्याची शक्यता आहे. मग टॉर्च तिरका धरा. छपाईच्या खिळ्यांनी (धातूच्या अक्षरांनी) कागदावर दाबून उमटवलेले खळगे बोटालाही जाणवतात. नंतर दुसऱ्या पद्धतीने छापलेल्या नकलेत ते सापडत नाहीत.

पोपच्या आधी होमरचं भाषांतर करणारा इंग्रज कवी जॉर्ज चॅपमन याच्या बाबतीत उलटं होतं. त्याचं १५९८चं 'इलियड' हातात आलं तर त्यात सातच सर्ग असतात: पहिला, दुसरा आणि सातवा ते अकरावा. चोवीस नाहीत म्हणून ते अपूर्ण समजू नका, निघालंच होतं तेवढं. आणि त्याच्या 'समग्र होमर'च्या शीर्षकपानावर साल नाही. अभ्यासक ते १६१६चं मानतात.

शेवटचं आपल्याकडच्या पावसाळ्याबद्दल. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, आत ओल धरते आणि बुरशी येते. चामड्याला तेल चोळू नका, फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको. तांबूस ठिपके आले म्हणून उन्हात ठेवण्याचाही मोह होतो, पण ठिपके तसेच राहतात आणि कागद मात्र ठिसूळ होतो. पुस्तक कपाटात भिंतीपासून थोडं लांब ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून पानं चाळा. कसर लागली असेल तर तेव्हाच दिसते.