एका ओळीचा पॅच तपासताना

पायथॉनच्या एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीत मी रिव्ह्यू करायला लागलो, तेव्हा वेग वाढवणारे पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, तपासायला मला सगळ्यांत सोपे वाटायचे. पाच-सहा ओळींचा बदल, टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, की दिली मंजुरी.

असाच एक पॅच आला. एक फंक्शन सेटिंग्जची लिस्ट द्यायचं. तेच उत्तर पुन्हा पुन्हा काढायला नको म्हणून त्यावर एलआरयू कॅशचा डेकोरेटर लावला होता, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर साठवून तेच परत देणारी एक ओळ फंक्शनच्या वर लिहिली होती. एकच ओळ, आणि वेग खरोखर वाढला. काही दिवसांनी एका वापरकर्त्याची तक्रार आली, की लिस्ट आपोआप लांबत चालली आहे. पूर्वी प्रत्येक कॉलला नवी लिस्ट मिळायची. आता सगळ्यांच्या हाती तीच एक होती, आणि कुणीतरी तिच्यात अपेंड करत होतं, म्हणजे शेवटी नवं काही जोडत होतं. मधे लिस्ट बदलून पुन्हा कॉल करणारी टेस्टच आमच्याकडे नव्हती. शेवटी आत टपल, म्हणजे बदलता न येणारी यादी, कॅश केला आणि दर वेळी त्याची नवी लिस्ट करून दिली.

तेव्हापासून मी वेगाचा आकडा नंतर बघतो. आधी बघतो, वेगाबरोबर आणखी काय बदललं? लिस्टच्या जागी सेट आला, ज्यात क्रम टिकत नाही, तर क्रमावर कुणी विसंबून होतं का?

मग विचारतो, मोजलं कशावर? रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायचा पॅटर्न, लूपबाहेर कंपाइल करणारे पॅच नवखे हमखास आणतात. पण असे पॅटर्न हाताळणारं पायथॉनचं री मॉड्यूल कंपाइल केलेले पॅटर्न स्वतःच कॅशमध्ये ठेवतं, त्यामुळे बहुतेकदा वाचतो तो कॅशमध्ये शोधायचा वेळ. लूप लाखो वेळा फिरत असेल तर तेवढा वेळ वाचवणंही हवंच. शिवाय बॅटरीवरच्या लॅपटॉपवर एकदाच टाइमइट (कोडला लागणारा वेळ मोजणारं पायथॉनचं साधन) चालवून आलेला आकडा धरू नका, प्रोसेसरचा वेगच खालीवर होत असतो.

म्हणून लहान फायदा मात्र झिडकारू नका. २०१४ च्या एसक्यूलाइट या डेटाबेसच्या ३.८.७ आवृत्तीतले बहुतेक बदल एकेकटे मोजताही येऊ नयेत इतके बारीक होते. कॅशग्राइंड या मोजणीच्या साधनाने मोजल्यावर ती आवृत्ती आधीच्या आवृत्तीइतक्याच सीपीयू सायकलमध्ये २० टक्क्यांहून जास्त काम करत होती.

नकार द्यायचा असेल तर बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, स्वतः चालवा आणि आकडे लिहा. एका मुलीचा पॅच नाकारताना मी तिला तसे आकडे दिले, सोबत प्रोफाइलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) कसा चालवायचा तेही लिहिलं. दोन आठवड्यांनी तिने दाखवलं, की आमचा कोड दर ओळीला तीच फाइल नव्याने उघडत होता.