अमायलॉइडचा पेशंट तपासताय? या चुका टाळा

अमायलॉइड म्हणजे बिघडलेलं प्रोटीन हृदय, किडनी, नसा अशा अवयवांत साचण्याचा आजार. आणि ज्युनियर डॉक्टरांच्या दर बॅचला तेच. केस शीटवर "जनरल एक्झामिनेशन नॉर्मल" लिहून मोकळे, आणि मग इकोत हृदयाच्या भिंती जाड दिसल्या, ईसीजीत व्होल्टेज कमी दिसलं की सगळे अमायलॉइड अमायलॉइड करत धावतात. पेशंट तोपर्यंत समोरच झोपलेला असतो ना!

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे बीपी एकदाच, तेही बसवून घेणं. पाय सुजलेले एक काका आमच्या वॉर्डात होते, घरचे खूश, कारण बीपीच्या गोळ्या बंद झालेल्या, म्हणे बीपी आपोआप बरं झालं. ज्युनियरने तेच शीटवर उतरवलं. अरे, जुनं हाय बीपी औषधाशिवाय उतरतं तेव्हा पेढे वाटायचे नसतात, संशय घ्यायचा असतो. म्हटलं उभं करून घे, तर साहेबांनी काकांना पाय खाली सोडून बसवलं आणि "सर, नॉर्मल". उभं करायला कोणीतरी धरायला लागतं ना, त्याचा कंटाळा. शेवटी मीच घेतलं. पाच मिनिटं आडवं ठेवून वरचं 118, उभं केल्यावर तिसऱ्या मिनिटाला 84, काकांना अंधारी आली, आणि पल्स जवळपास तेवढाच. वरचं 20 किंवा खालचं 10 ने पडलं तर पोश्चरल ड्रॉप, आणि एवढं पडूनही पल्स वाढत नसेल तर ऑटोनॉमिक नसांकडे (बीपी, पल्स आपोआप सांभाळणाऱ्या) बघा. त्यात सूज दिसते म्हणून लघवीच्या गोळीचा डोस वाढवत बसलात तर पेशंट बाथरूममध्ये पडणार. मी मोबाइलवर टायमर लावतो आणि तीन मिनिटं पेशंटशी गावाकडच्या गप्पा मारतो, नाहीतर आपणच घाई करतो.

जीभ. टॉर्च मारून एका सेकंदात "नॉर्मल" म्हणू नका, कडा बघा, दातांचे ठसे आहेत का, आणि बायकोला विचारा घोरणं वाढलंय का, बोलणं जड झालंय का. पण मोठी जीभ एएल प्रकारातही (बिघडलेल्या प्लाझ्मा पेशींच्या प्रोटीनमुळे होणारा) थोड्याच पेशंटमध्ये सापडते, त्यामुळे जीभ साधी म्हणून अमायलॉइड नाही, हे लॉजिक पुस्तक पाठ करणाऱ्यांचं.

पापण्यांवरचे जांभळे डाग डोळे मिटायला लावून, खिडकीच्या उजेडात बघा, सावळ्या कातडीवर ट्यूबलाइटमध्ये काही दिसत नाही. खोकल्यानेही येतात. चिमटे काढून डाग उठतात का ते बघायचा अघोरीपणा नको.

जेव्हीपी, म्हणजे मानेच्या शिरेतला दाब, "दिसत नाही"? कदाचित जबड्याच्या वर गेलंय, पेशंटला सरळ बसवा.

म्हाताऱ्या पुरुषाच्या दोन्ही मनगटांवर कार्पल टनेलच्या (मनगटात नस दाबली जाण्याच्या) ऑपरेशनचे व्रण असतील तर टीटीआर प्रकार (ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रोटीन साचतं तो) आठवा, हे दुखणं हृदयाच्या कितीतरी वर्षं आधी येतं. शर्टाची बाही वर करून कोपर वाकवायला लावा, बायसेप्सचा गोळा खाली सरकलेला दिसतो का बघा.

आणि लघवीत प्रोटीन जातंय, जुना टीबी किंवा वर्षानुवर्षं वाहणारं हाडाचं नासूर आहे, अशा पेशंटमध्ये जीभ काय शोधताय, तो एए प्रकार (वर्षानुवर्षं चाललेल्या इन्फेक्शन किंवा इन्फ्लमेशनमुळे होणारा) असू शकतो, पट्टी सोडून जखम बघा.