दूध घटलं? पेंड वाढवण्याआधी ऋतू बघा

एप्रिल लागला की डेअरीच्या पावतीवरचा आकडा उतरायला लागतो. सकाळी दहा लिटर देणारी गाय साडेआठवर येते आणि आपण लगेच पेंडीचं माप वाढवतो. मीही दोन उन्हाळे हेच केलं. पैसे गेले, दूध काही वाढलं नाही. गाय उपाशी नव्हती, तापली होती. चारा पचताना अंगात उष्णता तयार होते. ती बाहेर टाकता येईना, की गाय आपणहून खाणं कमी करते.

कॅन नको, कूस बघा. उन्हाचा फटका दुधात एक-दोन दिवसांनी दिसतो. म्हणून दुपारी दोनला गायीच्या बाजूला उभं राहून कूस, म्हणजे पोटाची बाजू, श्वासागणिक मिनिटात किती वेळा हलते ते मोजा. 60च्या वर गेली की उपाय सुरू करा. तोंड उघडून लाळ गाळायला लागली, म्हणजे उशीर झालाच. एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गायीला 25-26 अंशांपुढंच जड जायला लागतं. जर्सी थोडं जास्त सोसते.

पाणी आणि वारा. एक लिटर दुधामागं तीन-चार लिटर पाणी लागतं, त्यामुळं दिवसातून दोनदा बादली दाखवून भागत नाही. गव्हाणीजवळ सावलीत पाणी कायम असू दे. वैरणीचा मोठा वाटा ऊन उतरल्यावर आणि पहाटे टाका. गोठ्याच्या पत्र्यावर उसाचं पाचट पसरा. अंगावर पाणी मारणार असाल तर पंखा हवाच. कोंदट गोठ्यात नुसतं पाणी मारलं तर गाय आणखी घुसमटते.

पावसाळ्यात दुखणं वेगळं. गगनबावडा, राधानगरीकडं कोवळं गवत भरपूर, पण त्यात पाणीच जास्त. शेण पातळ होतं, दुधाची फॅट पडते. कुट्टीत कडबा किंवा भाताचं पिंजर मिसळा. धार काढल्यावर सड औषधात बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहील. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. ओल्या जमिनीवर बसली की कासदाह, म्हणजे कासेची सूज, ठरलेला. घटसर्प या जनावरांच्या रोगाची लस मात्र पावसाआधीच.

थंडीत उसाच्या वाड्याला, म्हणजे हिरव्या शेंड्यांना, भुलू नका. गाय खाते, फॅट चढते, आणि गळीत हंगामामुळं उसाचं वाडं जवळजवळ फुकट मिळतं. पण त्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातला कॅल्शियम अडवून धरतं. नुसत्या वाड्यावर ठेवलेली गाय दूध टिकवत नाही. सोबत दुसरी वैरण आणि रोज खनिज मिश्रण द्या.

गाय भरवायचा, म्हणजे गाभण करायचा, महिना आधी ठरवा. गाय साधारण 280 दिवस गाभण राहते. जानेवारीत भरवली की ऑक्टोबरात विते आणि ऐन दुधाचे महिने थंडीत येतात. मे महिन्यात माज मुका जातो, म्हणजे लक्षणं दिसत नाहीत, भरवलेली गायही बऱ्याचदा उलटते, म्हणजे गाभण राहत नाही, त्यामुळं जानेवारीतला माज चुकवू नका.